घट्ट कुरळ्या केसांत ओलावा टिकवताना: पार्लरच्या वहीतून

१८ फेब्रुवारी २०२४

पुण्यातल्या कोंढव्यात आफ्रिकेतून शिकायला आलेल्या मुली पुष्कळ राहतात. आयब्रो, वॅक्सिंगला माझ्याकडे येतात, केसांचं मात्र घरीच एकमेकींकडून करून घेतात. टांझानियातल्या दार-एस-सलामची एक एमबीएची विद्यार्थिनी आज बोलता बोलता म्हणाली, की ज्या ज्या पार्लरमध्ये विचारलं तिथे एकच उत्तर मिळालं, स्मूदनिंग करून टाका. तिला सरळ केस नकोच आहेत. स्वतःचेच केस हवेत, फक्त मऊ, आणि धुतल्यावर निदान चार दिवस तसेच राहणारे.

हे मनाला लागलं. केसांचा धंदा करायचा आणि एका तऱ्हेचे केस समोर आले की हात वर करायचे, हे मला पटत नाही. म्हणून ही वही. आठवड्यातून एक दुपार त्या विद्यार्थिनीसाठी राखून ठेवली आहे. सामान पुण्यात मिळेल तेच वापरायचं आणि जे केलं ते इथे लिहायचं, म्हणजे माझ्या हाताखालच्या मुलींनाही शिकता येईल.

२१ फेब्रुवारी

आज केस नुसते पाहिले, काही लावलं नाही.

एकेक केस पेनाच्या स्प्रिंगपेक्षा बारीक वेटोळ्याचा. कोरडा असताना मानेपर्यंतही येत नाही, पण एक बट ओढून धरली तर पार खांद्याखाली जाते. ऑप्रा विन्फ्रेचे हेअर स्टायलिस्ट आंद्रे वॉकर यांनी नव्वदच्या दशकात केसांची जी वर्गवारी केली, तिच्यात हे चौथ्या, म्हणजे सर्वांत घट्ट कुरळ्या प्रकारचे. मुली स्वतः 'फोर सी' म्हणतात. पण वेटोळं किती बारीक आहे यावरून ओलावा किती टिकेल ते कळत नाही. त्यासाठी केसाची साल, म्हणजे बाहेरचे खवले, बघावे लागतात.

तिची साल उघडलेली आहे. तिने घरीच ब्लीच करून सोनेरी रंग केला होता, मग कंटाळून त्यावर काळा. केसाच्या बाहेरच्या खवल्यांवर जन्मतःच एक अगदी पातळ स्निग्ध थर असतो. पाणी त्याच्यामुळे ओघळून जातं. ब्लीचमध्ये तो थर निघून जातो आणि पुन्हा येत नाही. त्यात असे केस कापून पाहिले तर गोल नसतात, चपटे लंबगोल असतात आणि प्रत्येक वळणावर खवले थोडे उचललेले असतात. टाळूचं तेल ही वळणं उतरून टोकापर्यंत पोचतच नाही.

हाताला कसं कळतं तेही लिहून ठेवते. टोकाकडून मुळाकडे चिमटीतून केस सरकवला की खरखर लागते. स्प्रे मारला की पाण्याचे थेंब वर थांबत नाहीत, क्षणात आत गडप होतात. आणि तितक्याच झपाट्याने केस वाळतो. माझ्या नेहमीच्या गिऱ्हाइकांचे दाट केस पंख्याखाली वाळायला जितका वेळ लागतो, त्याच्या निम्म्यात हिचे कोरडे ठणठणीत होतात.

पाण्याच्या पेल्यात केस टाकून तो बुडतो की तरंगतो हे पाहायची पद्धत मुलींमध्ये फार आहे. माझा तिच्यावर भरवसा नाही. केसावर जरासं तेल किंवा कंडिशनर राहिलं असलं तरी तो तरंगतो.

म्हणजे काम ठरलं. या केसात पाणी घालणं अवघड नाही, ते आत अडवून ठेवणं अवघड आहे. इथून पुढे प्रत्येक वस्तूला एकच प्रश्न विचारायचा, ही अडवते का?

२८ फेब्रुवारी

आजचा सगळा वेळ गुंता सोडवण्यात गेला आणि तो तसाच जायला हवा.

आपल्याकडे हात मुळापासून खाली कंगवा ओढायला सरावलेले असतात. या केसांत तसं केलं की बारीक 'कट् कट्' आवाज येतो. तो केस तुटल्याचा आवाज. माझ्या हाताखालच्या मुलीला मी तो मुद्दाम जवळून ऐकवला, म्हणजे पुन्हा ऐकू आला तर हात आपोआप थांबेल. केसांचे आठ भाग केले, सात क्लिपांनी बांधून ठेवले, एक मोकळा. ओला करून भरपूर कंडिशनर, इतकं की बटेवरून बोट घसरायला लागेल. आधी बोटांनी गाठी सोडवल्या, मग मोठ्या दातांची फणी, टोकापासून सुरू करून बोटबोट वर. एक भाग झाला की त्याला दोन पेडांचा पीळ घालून ठेवायचा, म्हणजे तो पुन्हा गुंतत नाही.

कंडिशनर बाटलीवरचं नाव पाहून घ्यायचं नाही, मागचा मजकूर वाचायचा. बेहेन्ट्रिमोनियम किंवा सेट्रिमोनियम पहिल्या चारपाच नावांत असेल तर ते कामाचं. या द्रव्यांवर धन भार असतो आणि खराब झालेल्या केसावर ऋण भार जास्त, त्यामुळे जिथे साल जास्त फाटलेली तिथेच ती जाऊन चिकटतात. अशा उघड्या सालीच्या, सच्छिद्र केसाला हा एवढा एक फायदा असतो, तो सोडू नये.

ती सांगत होती, तिच्याकडच्या बऱ्याच सरकारी शाळांत मुलींना केस अगदी बारीक कापूनच ठेवावे लागतात. शाळा संपल्यावरच तिने पहिल्यांदा केस वाढवले. त्यामुळे आईकडून, मावशीकडून जे लहानपणी शिकायला मिळतं ते तिला मिळालंच नाही, सगळं मोबाईलवर पाहून. हे ऐकल्यावर मी कामाचा वेग आणखी कमी केला. तिला आरशात प्रत्येक पायरी दिसली पाहिजे.

६ मार्च

पाण्याचं बघितलं. इमारतीत टँकर आला की बेसिनच्या नळावर पांढरा थर धरतो, तोच थर केसावरही धरतो. कॅल्शियम आणि मॅग्नेशियम. उघड्या सालीच्या केसाला ते आणखी घट्ट धरतं, मग वरून लावलेलं काही आत जात नाही आणि केस लाकडासारखा लागतो.

केलं ते असं: ईडीटीए (क्षार धरून काढणारं द्रव्य) असलेला शाम्पू महिन्यातून एकदा, एरवी सल्फेट नसलेला सौम्य शाम्पू, तोही टाळूपुरताच. फेस खाली ओघळतो तेवढ्याने लांबीचं काम भागतं. शेवटचं पाणी आरओचं, त्यात सायट्रिक ॲसिडची चिमूट. शाळेच्या प्रयोगशाळेचं सामान विकणाऱ्या दुकानातून पीएचच्या पट्ट्या आणल्या आहेत, पाणी ४ ते ५ च्या मध्ये ठेवायचं. इतक्या आम्लतेला खवले बसतात. लिंबू पिळून अंदाजाने करू नये, लिंबालिंबात फरक असतो आणि टाळूला झोंबतं.

खाण्याचा सोडा कुठल्याही परिस्थितीत नाही. तो अल्कली आहे, खवले उलट उचलतो.

शिकेकाईबद्दल विचारणा झाली. भरड पूड या वेटोळ्यांत जाऊन बसते ती निघता निघत नाही. वापरायचीच असेल तर उकळून, दुहेरी मलमलीतून गाळलेलं पाणी.

१३ मार्च

खोबरेल तेल. यावर थोडं सविस्तर लिहायला हवं, कारण आपल्याकडे सगळ्या दुखण्यांवर एकच औषध, तेल लाव.

तेलात पाणी नसतं. कोरड्या केसाला तेल लावलं की केस तेलकट आणि कोरडा होतो. पण खोबरेलाचं एक काम पक्कं आहे. मुंबईच्या मॅरिको कंपनीतल्या आरती रेळे आणि आर. बी. मोहिले यांचा अभ्यास २००३ मध्ये प्रसिद्ध झाला. खनिज तेल, सूर्यफूल तेल आणि खोबरेल तेल अशी तीन तेलं त्यांनी तपासली. केसातलं प्रथिन वाहून जाणं कमी केलं ते फक्त खोबरेलाने, धुण्याआधी लावलं तरी आणि धुतल्यावर लावलं तरी. लॉरिक आम्लाचा रेणू लहान आणि सरळ साखळीचा, म्हणून तो केसाच्या आत शिरतो. बाकीची दोन वर राहतात.

आणि आत शिरलेलं तेल पाण्याला जागा कमी ठेवतं. सच्छिद्र केस धुताना फुगतो, वाळताना आकसतो, पुन्हा धुताना पुन्हा फुगतो. साधा केस पूर्ण भिजला की वजनाच्या साधारण ३० टक्के पाणी पितो, ब्लीच केलेला त्याहून जास्त. ही फुगण्या-आकसण्याची ये-जा केसाला आतून खिळखिळं करते.

तेव्हा नियम: खोबरेल आदल्या रात्री किंवा निदान दोन तास आधी, लांबीला आणि टोकांना. धुतल्यावर ओलावा धरून ठेवायला ते पुरत नाही, तिथे जाड तेल हवं.

२० मार्च

जाड तेल म्हणजे एरंडेल. नुसतं लावलं तर बोटं चिकटतात, केस केसाला चिकटतो. एक भाग एरंडेल आणि तीन भाग तीळतेल हे प्रमाण जमलं.

तीळतेलाची कल्पना खार्टूमच्या बाईंची. आमच्याच गल्लीत राहतात, धाकटीला घेऊन आल्या होत्या. सुदानमध्ये बायका कर्कार नावाचं तेल वापरतात, तिळाचं तेल, चरबी आणि सुगंधी द्रव्यं घालून केलेलं. बाटलीचं झाकण उघडलं आणि सगळं पार्लर लवंगेच्या वासाने भरून गेलं. त्यांनी शिकवलेली गोष्ट अशी, की तेल ओल्या केसावरच लावायचं आणि लगेच बारीक वेण्या घालायच्या, वारा लागायच्या आत. 'वारा लागायच्या आत' हे त्यांनी हिंदीत दोनदा बजावलं. मी इतक्या दिवसांत जे शोधतेय ते त्यांच्या घरात आजीपासून चालत आलं आहे.

२७ मार्च

क्रम तपासला. मुलींमध्ये दोन पद्धती प्रसिद्ध आहेत. पहिलीत आधी पाणीदार लीव्ह-इन (लावून न धुता तसंच ठेवायचं कंडिशनर), मग तेल, मग क्रीम. दुसरीत आधी लीव्ह-इन, मग क्रीम, शेवटी तेल. कुठली चांगली यावर इंटरनेटवर वाद चालतात, पण डोकं एकच आहे आणि त्याला दोन बाजू आहेत. डावीकडे पहिली पद्धत, उजवीकडे दुसरी. पाणी तेच, माल तोच, हात माझाच. दोन्हीकडे दोन पेडांचे पीळ. रोज संध्याकाळी मधल्या एका पिळाचा फोटो काढून पाठवायचा आणि हाताला कसं लागतं ते एका शब्दात लिहायचं.

३ एप्रिल

डावी बाजू जिंकली. उजवीकडून दुसऱ्याच संध्याकाळी 'कोरडं' आलं, डावीकडून चौथ्या दिवशीही 'ठीक'. माझा समज असा, की तिच्या उघड्या सालीत पातळ क्रीम लगेच शोषलं जातं आणि वर अडवायला काही उरत नाही. तेलावर दाट क्रीम बसलं की थर टिकतो.

खार्टूमच्या बाईंच्या धाकटीवर हाच क्रम केला तर केस चिपचिपीत झाले. तिचे केस तितकेच कुरळे, पण ब्लीच कधी नाही, इस्त्री कधी नाही, साल मिटलेली. तिला लीव्ह-इन आणि दोन थेंब तेल पुरतं. एकाच गटातले केस म्हणून एकच उपाय सगळ्यांना सांगू नये.

१० एप्रिल

क्रीम घरचं करता येईल का ते पाहते आहे. शिया बटर ऑनलाइन मिळतं. घाना, बुर्किना फासो, माली या पट्ट्यातल्या बायका शियाच्या झाडाची फळं वेचून, बिया भाजून, दळून, घुसळून ते काढतात. पण इथे पोचेपर्यंत महाग होतं. मला रत्नागिरीच्या मुठेलाची आठवण झाली. कोकमाच्या बियांचं तेल, मुठीत दाबून गोळे केलेलं, टाचांच्या भेगांना लावतो ते.

मुठेल शियापेक्षा कडक. शिया तळहातावर चोळता चोळता विरघळतं, मुठेलाचा खडा बराच वेळ तसाच राहतो, कारण ते चाळिशीच्या आसपासच्या तापमानाला वितळतं. नुसतं लावलं तर पिळावर पांढरे कण दिसतात. म्हणून एक भाग मुठेल, दोन भाग तीळतेल, मंद आचेवर पाण्याच्या भांड्यात भांडं ठेवून वितळवलं आणि लगेच बर्फाच्या पाण्यावर धरून फेटलं. ओट्यावर आपोआप गार होऊ दिलेली वाटी रव्यासारखी दाणेदार झाली. बर्फावरची वाटी लोण्यासारखी मऊ आली. हे झटपट गार करणं सोडायचं नाही.

१७ एप्रिल

उन्हाळा भरात. दुपारी हवेत दमटपणा नावालाच. आणि लीव्ह-इनमध्ये ग्लिसरीन वरच्या नंबरावर आहे. ग्लिसरीन हवेतलं पाणी ओढून घेतं, पण हवेत पाणीच नसेल तर ओढणार कुठून? तिचे केस बाहेरून चिकट आणि आतून कोरडे झाले. एप्रिल-मेपुरतं ग्लिसरीन कमी असलेलं लीव्ह-इन आणि त्यावर जवसाची जेल.

जवसाची कृती: दोन मोठे चमचे जवस, दोन कप पाणी, ढवळत उकळायचं. चमचा उचलला की अंड्याच्या पांढऱ्यासारखी तार सुटली की गॅस बंद, आणि गरम असतानाच गाळायचं. गार झाल्यावर गाळायला गेलं तर मलमलीतून काही उतरत नाही. फ्रिजमध्ये आठवडाभर टिकते, वास बदलला की फेकायची. ही जेल केसावर पातळ पापुद्रा धरते. तो कडक वाटला तर पूर्ण वाळल्यावर हाताला थेंबभर तेल लावून पिळ हलके चुरायचे.

२४ एप्रिल

ओली बट ओढून पाहिली तर रबरासारखी लांबत गेली, परत आली नाही, तुटली. हे ओलावा कमी असल्याचं लक्षण नव्हे. आतला सांगाडा कमकुवत झाल्याचं आहे, ब्लीचमुळे. इथे आणखी क्रीम थापणं व्यर्थ.

हायड्रोलाइज्ड गव्हाच्या प्रथिनाचा मास्क लावला, वीस मिनिटं, टोपीखाली. पुढचा चार आठवड्यांनी. लवकर लवकर लावला तर केस उलट काडीसारखा ताठ होतो. अंडं लावणाऱ्यांना माझं सांगणं एवढंच, की अंड्यातलं प्रथिन केसात शिरण्याइतकं लहान नसतं. हायड्रोलाइज्ड म्हणजे तेच प्रथिन तुकडे करून लहान केलेलं, म्हणून ते शिरतं.

पार्लरमध्ये 'केराटिन' म्हणून जे करतात त्याचा याच्याशी संबंध नाही. ते केस सपाट करायचं काम आहे, आम्ल किंवा फॉर्मल्डिहाइड सोडणारं द्रव्य आणि वरून तापलेली इस्त्री. ब्लीच झालेल्या घट्ट कुरळ्या केसांवर ते मी करणार नाही, गिऱ्हाईक मागत असलं तरी आधी बसवून सगळं सांगणार.

तळाची दीड बोटं कापली. चिरलेलं टोक कशानेही सांधत नाही.

८ मे

रात्रीचा बंदोबस्त. सुती उशी रात्रभर ओलावा शोषते आणि घासून घासून खवले उचलते. शेजारच्या शिवणकाम करणाऱ्या काकूंनी साटीनच्या अस्तराची टोपी शिवून दिली. पहिल्या टोपीला इलॅस्टिक होतं, कपाळावरच्या बारीक केसांवर वळ उठला. तिथले केस एकदा ओढ बसून गेले की येताना फार छळतात. आता नाडीची टोपी, सैल बांधायची. सकाळी केस पाहून तीच म्हणाली, "दीदी, आज स्प्रे नको."

मधल्या दिवसांत स्प्रे लागला तर बाटलीत पाणी आणि थोडं लीव्ह-इन, फक्त टोकांना, आणि वर लगेच बोटभर मुठेलाचं बटर. रोज डोकं भिजवणं बंद.

१९ जून

पाऊस लागला आणि गणित उलटलं. हवेत पाणीच पाणी. आता ग्लिसरीन जास्त ओढतं, पिळ फुगतात, लांबी आणखी आकसते, जेल चिकट होते. ग्लिसरीन जवळजवळ बंद, बटर थोडं वाढवलं. गच्चीवर पहिल्या दोनतीन सरी सोडून पावसाचं पाणी स्वच्छ पिंपात धरलं आहे. त्यात क्षार नाहीत, शेवटच्या धुण्याला याहून चांगलं पाणी पुण्यात मिळणार नाही.

मुळांपाशी दोन बोटं नवे केस आले आहेत, ब्लीच न लागलेले. तिथे थेंब थांबतो, जुन्या लांबीवर गडप होतो. एकाच केसाची दोन टोकं दोन स्वभावांची. मुळांकडे हात हलका, टोकांकडे भरपूर.

२६ जून

दरपत्रक करायला बसले. आपल्याकडे दर लांबीवर असतो, खांद्यापर्यंत इतके, कमरेपर्यंत तितके. या केसांना ते लागू करता येत नाही, दिसते मानेवरची लांबी आणि काम असतं खांद्याखालचं. शिवाय धुणं, गुंता, क्रम, पीळ मिळून तीन तास जातात. घाईने केलं तर केस तुटतात.

म्हणून दर तासावर, आधी सांगून. बुधवारची दुपार फक्त यासाठी, त्या वेळेत दुसरं गिऱ्हाईक घ्यायचं नाही. तेल आणि मुठेलाचं बटर घरी न्यायला छोट्या डबीत, करायच्या तारखेसह. हाताखालची थोरली मुलगी आता आठही भाग एकटी सोडवते, तिला पीळ घालायला बसवलं आहे. पुढच्या बुधवारी विद्यार्थिनीची मैत्रीण येते आहे, झांबियाची. तिचे केस रिलॅक्सर (केस कायमचे सरळ करणारं रसायन) लावलेले आहेत आणि मुळांशी चार महिन्यांची वाढ आहे. जिथे दोन्ही केस मिळतात तिथेच तुटण्याचा धोका जास्त, तेव्हा तिथे फणी नाही, फक्त बोटं. तिची नोंद नव्या पानावर.